गव्हांकुराचा रस आणि ती एक गोळी

या महिन्यात आलेल्या पत्रांत तीन पत्रं रक्ताच्या कर्करोगाची निघाली. मधुमेहवाल्यांनी या वेळी थोडं थांबावं.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर ४४ वर्षांचे आहेत. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. दोन महिने त्यांना डाव्या बरगडीखाली जड वाटत होतं, चार घास खाल्ले की पोट भरायचं. तपासलं तर पांढऱ्या पेशी १ लाख ६० हजार आणि पानथरी वाढलेली. डॉक्टरांनी 'सीएमएल' (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) सांगितलं आणि इमॅटिनिब ४०० ची रोज एक गोळी दिली. तीन आठवडे झाले. मळमळतं, सकाळी डोळ्यांभोवती सूज असते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. सासरे म्हणतात, आयुष्यभर घ्यायची गोळी बरं कसली करते? त्यांच्या ओळखीच्या एका निसर्गोपचारवाल्यांनी सहा महिन्यांचा कोर्स सांगितलाय : गव्हांकुराचा रस, गुळवेल, सगळं कच्चं अन्न, मीठ-साखर-दूध बंद आणि गोळीही बंद. "करून बघू, नाहीच उतरलं तर गोळी कुठं पळून चाललीय?" असं सासऱ्यांचं म्हणणं. मिस्टरांचं मनही तिकडंच झुकलंय. काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : गोळी बंद करू देऊ नका. आधी हे, बाकीचं मग.

चोवीस वर्षं मी कर्करोगाच्या वॉर्डात ताटं ठरवण्याचं काम करतेय. आहारावरच माझं पोट आहे. सीएमएल ताटातून बरा होत असता, तर पहिली पाटी मीच लावली असती.

तुमच्या मिस्टरांच्या अस्थिमज्जेतल्या एका पेशीत नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं एक सदोष जनुक तयार झालं. त्याचं प्रथिन 'पांढऱ्या पेशी बनव, बनव' असा हुकूम रात्रंदिवस देत राहतं. इमॅटिनिब नेमकं त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि तो हुकूम थांबतो. रसानं 'रक्त शुद्ध होतं' म्हणतात, पण इथं रक्त अशुद्ध झालेलंच नाही. बिघाड कारखान्यात आहे, आणि गव्हांकुरातलं काहीही त्या खाचेत बसत नाही.

ही गोळी २००१ मध्ये आली. त्याआधी या आजाराचे बहुतेक रुग्ण तीन ते पाच-सहा वर्षांत जायचे. गोळीच्या मूळ चाचणीत ज्यांना सुरुवातीपासून इमॅटिनिब मिळालं, त्यांच्यातले सुमारे ८३ टक्के लोक दहा वर्षांनी हयात होते. इतका फरक पाडणारी औषधं माझ्या नोकरीत मी फार थोडी पाहिलीत.

आता सासऱ्यांचा प्रश्न. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला मान देऊनच उत्तर द्यायला हवं. गोळी रोगाला दाबून ठेवते, बहुतेकांच्या बाबतीत मुळासकट उपटत नाही. काही वर्षं रोग अगदी खोलवर दबलेला राहिला, तर काही रुग्णांची गोळी डॉक्टर स्वतः थांबवतात. मग सुरुवातीला दर महिन्याला तपासणी असते, आणि त्यातल्याही जवळपास निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते. पण हे काही वर्षांनंतरचं. तिसऱ्या आठवड्यात नव्हे.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, म्हणून बागाईतदाराच्या भाषेत विचारते. ऑक्टोबर छाटणीनंतर पानामागं डाऊनी या बुरशीचा पांढरा थर दिसला, तर सासरे सहा महिने नुसतं शेण-गोमूत्राचं जीवामृत सोडून वाट बघतील का? जीवामृत वाईट म्हणून नाही. डाऊनी थांबत नाही म्हणून. सीएमएलही थांबत नाही. मोकळा सोडला तर तो कधी तरी झपाट्यानं वाढणाऱ्या तीव्र रूपात जातो. मग ही गोळी पळून गेलेली नसते, पण तिचा जोर तितका चालत नाही.

एक घरातली गोष्ट सांगते. सांगायला बरी वाटत नाही. माझ्या थोरल्या मामांना २००९ मध्ये हाच आजार झाला. गोळी सुरू झाली आणि मामींनी गच्चीवर गव्हांकुर लावले. त्यासाठी प्लास्टिकचे ट्रे मीच नेऊन दिले होते. म्हटलं, बाईला हाताला काही तरी काम राहील. दोन महिन्यांत मामांचं सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची साधी मोजणी, नॉर्मल आलं. श्रेय गेलं ट्रेला. मामा एक दिवसाआड गोळी घेऊ लागले, 'उष्ण पडते' म्हणून. मग बंदच केली. सीबीसी चार महिने चांगलं येत राहिलं आणि बीसीआर-एबीएलची तपासणी महाग म्हणून टाळली. दिवाळीत फराळाचं ताट त्यांनी अर्धंच सारलं, तेव्हा मी पोटाला हात लावून पाहिलं. पानथरी हाताला लागत होती. त्यानंतर पहिली गोळी पुरेशी चालली नाही, दुसऱ्या महागड्या गोळीवर जावं लागलं. मामा आज आहेत, कुरकुरत का होईना. पण 'ट्रे तूच आणले होतेस' हे ते मला अजून ऐकवतात.

म्हणून सीबीसी नॉर्मल आलं की पेढे वाटू नका. खरा निकाल दर तीन महिन्यांच्या बीसीआर-एबीएलचा. लंडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नव्वद टक्क्यांहून कमी गोळ्या घेणाऱ्यांचा निकाल फारच वाईट आला होता. नव्वद टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकणं. इतकंच.

आता माझ्या अखत्यारीतलं. गोळी उपाशीपोटी कधीच नको. दिवसाच्या मोठ्या जेवणासोबत, भाकरी-भाजी पोटात गेल्यावर, मोठा पेला भरून पाण्याबरोबर घ्यायची. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. मळमळ यानंच बरीच उतरते. डोळ्यांभोवतीची सूज आणि पोटरीतले गोळे या गोळीचे ओळखीचे त्रास आहेत. मीठ बंद करायची गरज नाही, पण पापड-लोणचं कमी करा. सूज वाढली, वजन अचानक वाढलं किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना कळवा. दूध बंद का करायचं, हे मला तरी कळलेलं नाही. मुळात पोट लवकर भरणाऱ्या माणसाचं दूध, डाळ, अंडं काढून घेतलं तर महिन्याभरात दंड बारीक होतात.

गोळीच्या चिठ्ठीत 'ग्रेपफ्रूट टाळा' लिहिलेलं असतं. ते वाचून आमच्याकडच्या एका बागाईतदारानं अख्खा हंगाम स्वतःची द्राक्षं खाल्ली नाहीत. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचं भावंड. औषधाचं रक्तातलं प्रमाण ते बिघडवतं. पपनसही टाळा. द्राक्षं धुऊन खुशाल खा.

गुळवेल नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, तो वाद वेगळा. पण इमॅटिनिबनंही कुणाकुणाची यकृताची तपासणी बिघडते. दोन्ही सोबत घेतलं, तर बिघाड कुणामुळं झाला हे कळायचं कसं?

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारात असणारच. मूळ कंपनीची ही गोळी एकेकाळी महिन्याला लाखाच्या वर जायची. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिचं पेटंट नाकारलं आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी टिकली. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

आणि पुढच्या तपासणीला सासऱ्यांना सोबत न्या. 'सहा महिन्यांचं' त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावं. सुनेच्या तोंडून ऐकायला जड जातं, डॉक्टरांकडून ऐकतील.

प्रश्न : आई ७१ वर्षांची. नेहमीच्या तपासणीत 'सीएलएल' (हाही रक्ताचाच एक कर्करोग) निघाला. डॉक्टर म्हणतात, आत्ता औषध नको, तीन महिन्यांनी या. त्यांनी हात टेकले का? मग आहारानं काही करता येईल? (डोंबिवली)

उत्तर : हात टेकलेले नाहीत. हा वेगळा आजार आहे, संथ चालणारा. लक्षणं नसताना औषधं लवकर सुरू करून आयुष्य वाढतं का, हे तपासून झालंय. जुन्या केमोनं तरी वाढलं नाही. काहींना तर उपचारांची वेळच येत नाही. 'थांबा आणि पाहा' ही इथली रीतच आहे.

'आमच्या काकांचा ब्लड कॅन्सर कारल्याच्या रसानं पाच वर्षं वाढला नाही' या गोष्टी बहुधा इथूनच निघतात. तो रसाशिवायही वाढला नसता. पुढच्या वेळी कुणी असं सांगितलं, तर 'कोणता ब्लड कॅन्सर?' एवढंच विचारा. बहुतेकदा उत्तर येत नाही.

आहाराकडं डॉक्टर पाहतच नाहीत, असंही नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकनं सुरुवातीच्या सीएलएलमध्ये ग्रीन टीचा अर्क देऊन पाहिला. काहींच्या पेशी थोड्या उतरल्याही. पण त्यापुढं जाऊन तो नेहमीचा उपचार झाला नाही. उलट मायलोमा या दुसऱ्या रक्तकर्करोगात दिलं जाणारं बोर्टेझोमिब याच अर्कानं निष्प्रभ होतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. एकच पाला, दोन आजार, दोन निकाल.

आईंना तुम्ही काय द्याल? रात्री चहा-खारीवर भागवत असतील तर ते थांबवा. या आजारात संसर्ग लवकर होतो, म्हणून दोन्ही वेळच्या जेवणात डाळ, दही, अंडं यांपैकी काही तरी हवंच. लशींबद्दल विचारा, मात्र जिवंत जंतूंची लस नको. वजन उतरलं, रात्री घामानं अंथरूण भिजलं किंवा मानेतल्या गाठी वाढल्या, तर तीन महिने थांबू नका.

प्रश्न : नातू सहा वर्षांचा, 'एएलएल' या रक्ताच्या कर्करोगाची केमो चालू आहे. मी रक्तवाढीचं टॉनिक आणलं, तर डॉक्टरांनी बंद करायला लावलं. त्यात फॉलिक ॲसिड आहे म्हणे. रक्ताच्या आजारात रक्तवाढीचं औषध का नको? (एक आजी)

उत्तर : आजी, तुमच्या प्रश्नात शंभर वर्षांचा इतिहास दडलाय. १९२८ नंतर लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं, ते शोधत होत्या. यीस्टच्या स्वस्त अर्कानं त्या बायका बऱ्या झाल्या. त्यातला गुणकारी घटक म्हणजे तुमच्या बाटलीतलं फॉलिक ॲसिड. म्हणजे खाण्यातल्या गोष्टीनं रक्ताचा आजार बरा झाला, तोही आपल्या मुंबईत.

पुढं बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी याच कुळातली द्रव्यं ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मुलांना दिली, तर रोग उलट जोरानं वाढला. कर्करोगाच्या पेशींनाही वाढायला तेच लागत होतं. मग त्यांनी फॉलिक ॲसिडला अडवणारं औषध वापरलं. ते ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथलं संशोधन आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव पाहत होते. १९४८ मध्ये सोळापैकी दहा मुलांना थोड्या काळापुरता उतार पडला. तुमच्या नातवाच्या कागदावर 'मेथोट्रेक्सेट' लिहिलेलं असेल, तर ते त्याच घराण्यातलं. टॉनिक दिलं की त्याच्या कामात पाय घातल्यासारखं होतं.

पालेभाजी मात्र सोडू नका, तिचा यात काही दोष नाही. केमोमुळं पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील त्या दिवसांत ती चांगली शिजवून, गरम वाढा. बाहेरची कापलेली फळं आणि उघड्यावरचा रस नको. आणि अंग १००.४ च्या वर तापलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मुलाला घेऊन निघायचं. काढा उकळत बसायचं नाही.