वायर तीच, फ्लक्स तोच, मग दोन मशीनवर वेल्डमधलं मँगनीज वेगळं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सब-आर्कसाठी (फ्लक्सच्या दाणेदार पुडीखाली आर्क झाकून होणारं वेल्डिंग) ईएम१२के ग्रेडची वायर ४ मिमी, एकाच लॉटचा अ‍ॅक्टिव्ह फ्लक्स (वेल्डमध्ये मँगनीज-सिलिकॉनची भर घालणारा), दोन्ही मशीनवर ५५० अ‍ॅम्पिअर. एका पॅडमध्ये (चाचणीसाठी थरावर थर मारलेला वेल्ड) मँगनीज १.२५ टक्के आणि सिलिकॉन ०.४५, दुसऱ्यात १.५५ आणि ०.६८. लॅब चुकली की वायरच भेसळीची?

माझ्या मते दोन्ही नाही. तुम्ही करंट आकड्यात लिहिलात आणि व्होल्टेजला मात्र ‘२८ ते ३४, डब्ल्यूपीएसप्रमाणे’ (म्हणजे वेल्डिंगच्या ठरलेल्या पद्धतीच्या कागदाप्रमाणे) एवढ्यावर सोडलंत. उत्तर त्या ‘ते’मध्ये आहे.

मी भोसरीत फॅब्रिकेशन शॉपमध्ये बावीस वर्षं क्वालिटी सांभाळली. वायरची टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) फाईलला लावली की वेल्डची केमिस्ट्री ठरली, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. पण ईएम१२के वायरमध्ये सिलिकॉन जास्तीत जास्त ०.३५ टक्के. तुमच्या वेल्डमध्ये ते ०.६८ आलं, म्हणजे बाकीचं फ्लक्समधून आलं. अ‍ॅक्टिव्ह फ्लक्समध्ये गंजाशी आणि मिल स्केलशी (प्लेटवरचा ऑक्साइडचा काळा थर) लढायला मँगनीज-सिलिकॉन मुद्दाम घातलेलं असतं. अ‍ॅग्लोमरेटेड (पूड बांधून दाणे केलेले) फ्लक्स बनवताना कमी तापमानाला भाजतात, वितळवत नाहीत, म्हणून त्यात फेरोमँगनीज, फेरोसिलिकॉनची पूड जशीच्या तशी टिकते. जितका फ्लक्स वितळेल तितकी ती वेल्डमध्ये उतरते.

आणि किती फ्लक्स वितळेल हे ठरवतं व्होल्टेज. ते वाढवलं की आर्क लांबते, पसरते आणि आजूबाजूचा जास्त फ्लक्स खाते. करंट तोच असल्यामुळे वायर मात्र जवळपास तेवढीच जळते. एक किलो वायरमागे स्लॅग (वितळून घट्ट झालेला फ्लक्स) वाढला, म्हणजे मँगनीज-सिलिकॉनही वाढलं. करंट वाढवला तर उलट: वायर भराभर उतरते, किलोमागे फ्लक्स कमी पडतो आणि पेनिट्रेशन (प्लेट किती खोल वितळते ते) वाढल्यामुळे प्लेटचा माल वेल्डमध्ये जास्त मिसळतो. ट्रॅव्हल स्पीडचा परिणाम त्या मानाने किरकोळ.

ऑपरेटर व्होल्टेज का चढवतो हेही सांगतो. सब-आर्कमध्ये आर्क दिसत नाही, दिसतो तो नंतरचा बीड (वेल्डची पट्टी). व्होल्टेज चढवलं की बीड रुंद, सपाट, देखणा येतो. सुपरवायझर खूश, ऑपरेटर खूश. केमिस्ट्री कोणाला दिसते?

दुसरी शंका मीटरची. पॉवर सोर्सवरचा मीटर सोर्सपाशी मोजतो. एका मशीनची केबल पाच मीटर आणि दुसरीची तीस मीटर, त्यात अर्थचा क्लॅम्प गंजलेला, तर दोन्ही मीटर ३२ दाखवतील आणि आर्कवर मात्र एक-दोन व्होल्टचा फरक असेल. मल्टिमीटर थेट नोझल आणि जॉबला लावून बघा.

हे सगळं मान्य करण्याआधी एक प्रयोग करा, खर्च शून्य. वायरवर टिपच्या (वायरला करंट देणारं टोक) वर बरोबर एक मीटरवर मार्करने खूण करा आणि ती खूण टिपपर्यंत येईपर्यंत बीड मारा. ४ मिमी वायरचं वजन मीटरला साधारण ९९ ग्रॅम भरतं. मग सुटा फ्लक्स बाजूला काढून फक्त वितळलेला, काचेसारखा कडक स्लॅग गोळा करा. काट्यावर ठेवा. दोन्ही मशीनवर हेच. साधारणपणे स्लॅग आणि वायर एकास एकच्या आसपास असतात. तुमच्या एका मशीनवर ९५ ग्रॅम आणि दुसऱ्यावर १३० निघाला, तर लॅबला फोन करायची गरज नाही.

फ्लक्स किती संवेदनशील आहे यासाठी एक आकडाच आहे, वॉल न्यूट्रॅलिटी नंबर. एक पॅड ठरलेल्या व्होल्टेजला मारायचा, दुसरा ८ व्होल्ट चढवून. दोन्हींतला मँगनीजचा फरक आणि सिलिकॉनचा फरक यांची बेरीज गुणिले १००. ३५ किंवा कमी आला तर फ्लक्स न्यूट्रल, म्हणजे व्होल्टेज बदललं तरी केमिस्ट्री फारशी न हलवणारा. तुमचे आकडे सहज घालून बघितले तर ०.३० अधिक ०.२३, म्हणजे ५३. चाचणी नियमाने केलेली नाही, पण कल येतो.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, कारण त्यात मी होरपळलोय. जाड प्लेटवर, समजा ४० मिमी, हाच फ्लक्स वापरू नका. मल्टिपासमध्ये प्रत्येक थर खालच्या वेल्डवर बसतो, प्लेटवर नाही. आधीच मँगनीज-सिलिकॉन घेतलेल्या धातूत पुन्हा भर. वर जावं तसं ते चढतं, हार्डनेस चढतो. आमच्याकडे असाच एक जॉब होता. रूट (सगळ्यात खालचा थर) छान, रेडिओग्राफी स्वच्छ, आणि बेंड टेस्टला (तुकडा वाकवून बघतात) वरच्या थरातून तुकडा ‘टक्’ असा आवाज करत उघडला. तेव्हापासून साधारण २५ मिमीच्या वर माझ्याकडे न्यूट्रल फ्लक्सच.

स्पेक्ट्रोच्या (धातूतले घटक मोजणारं यंत्र) रिपोर्टमध्ये सहसा ऑक्सिजन नसतो, पण इम्पॅक्ट व्हॅल्यू (आघात सोसायची क्षमता) बहुतेकदा तिथूनच पडते. सिलिका जास्त असलेल्या अ‍ॅसिडिक फ्लक्सने वेल्डमध्ये ऑक्सिजन ६००-७०० पीपीएमच्या पुढे जातो, बेसिक फ्लक्सने २५०-३०० च्या आसपास राहतो. म्हणून उणे तापमानाला टफनेस मागितला की लोक बेसिसिटी इंडेक्स (फ्लक्स किती बेसिक याचा आकडा) विचारतात. मात्र ऑक्सिजन शून्यावर आणायचा हट्टही चुकीचा. बारीक अ‍ॅसिक्युलर फेराइटचे (टफनेस देणारे, सुईसारखे) दाणे ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांवरच उगवतात.

पॅड आणि जॉइंटची तुलना करताना हे लक्षात ठेवा: पॅडचा वरचा थर जवळपास निव्वळ वेल्ड मेटल असतो, तर १२-१६ मिमीच्या दोन बाजूंनी मारलेल्या बट जॉइंटमध्ये निम्म्याहून अधिक धातू प्लेटचाच असू शकतो. त्यामुळे टीसीमधले आकडे जॉइंटवर शोधत बसू नका.

तर सध्या एवढं करा: आर्कवरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून दोन्ही मशीनवर सारखं लावा, डब्ल्यूपीएसमधली ‘२८ ते ३४’ची रेंज आकसून २९ ते ३१ करा, आणि व्हॅक्यूमने उचललेला जुना फ्लक्स दुसऱ्या मशीनच्या हॉपरमध्ये (फ्लक्सच्या टाकीत) जास्त जात नाही ना, तेही तपासा. त्यात दाणे फुटून भुकटी वाढते आणि केमिस्ट्री सरकते. स्लॅगचं वजन आलं की इथेच कमेंटमध्ये टाका, मी बघतो.