दर वाढले की कॉल का महागतो?

व्याजदर वाढला की कॉल (शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क देणारा ऑप्शन) महाग, पुट (तसाच विकण्याचा हक्क) स्वस्त, एवढं पाठ असेलच. कारण बघा. शेअर रोखीने घेण्याऐवजी कॉल घेतला की स्ट्राइकची, म्हणजे त्या ठरलेल्या भावाची, रक्कम एक्स्पायरीपर्यंत (मुदत संपेपर्यंत) तुमच्याकडेच राहते आणि व्याज कमावते. दर जास्त, तर ही सोय जास्त मोलाची. पुटवाल्याचं उलटं, त्याला विक्रीचे पैसे उशिरा मिळणार.

ऑप्शनची किंमत कशाने किती हलते हे सांगणाऱ्या आकड्यांना ग्रीक म्हणतात; व्याजदराचा परिणाम मोजणारा ग्रीक म्हणजे ऱ्हो. शेअर 100, स्ट्राइक 100, व्होलॅटिलिटी (भावातली चढउतार) 20 टक्के, दर 5 टक्के, डिव्हिडंड नाही असं धरा. ब्लॅक-शोल्स या ऑप्शनची किंमत काढायच्या सूत्राने वर्षभराचा कॉल साधारण 10.45 येतो, पुट 5.57. दर 1 टक्क्याने वाढवा: कॉल सुमारे 0.53 ने वर, पुट 0.42 ने खाली. मुदत महिन्याभराचीच असेल तर कॉलमध्ये फरक जेमतेम 0.04!

म्हणून वीकली (आठवड्याच्या मुदतीचे ऑप्शन) खेळणाऱ्याने ऱ्होच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत. दर जाहीर होतात त्या दिवशी प्रीमियम (ऑप्शनच्या किमती) उड्या मारतात खरे, पण ते मुख्यतः शेअरचा भाव आणि व्होलॅटिलिटी हलल्यामुळे. दर वाढूनही कॉल आपटतो तो त्यामुळेच. लांब मुदतीचे, डीप इन द मनी (स्ट्राइक शेअरच्या भावापेक्षा बरीच खाली असलेले) कॉल घेणार असाल तर मात्र ऱ्होचा आकडा आधी बघा.