बाबांचा सात दिवसांचा ईसीजी पॅच (छातीवर चिकटवून हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवणारा) नागपूरच्या उन्हात दुसऱ्याच दिवशी सुटतो आणि मोबाइलवर सिग्नलही तुटतो. आंघोळीनंतर ते घामोळ्याची पावडर लावतात. कोणत्या कंपनीचा घ्यावा?

कंपनी बदलून काही होणार नाही बाप्पा. आंघोळीनंतर बाबा घामोळ्याची पावडर लावतात असं तुम्हीच लिहिलंय. मग पॅचचा डिंक पावडरीला चिकटतो, कातडीला नाही. खोबरेल तेलाचंही तेच.

केस ट्रिमरने काढा, वस्तरा नको; कातडी सोलवटली की घाम झोंबतो. साध्या साबणाने धुवा, टॉवेलने खसखसून पुसा, पाच मिनिटं पंख्याखाली बसवा. पॅचसोबत खरखरीत पट्टी आली असेल तर हलक्या हाताने फिरवा. वरचा मेलेला थर 10 ते 20 मायक्रॉनचाच, पण वीज अडवतो तोच, आणि छातीवर हृदयाचा सिग्नल जेमतेम 1 मिलिव्होल्ट असतो. मग पॅच न ताणता टेकवा आणि मधून कडांकडे तळव्याने दोन मिनिटं दाबा. हा डिंक दाबानेच धरतो. नंतर तासभर बाबांना कूलरसमोरून उठू देऊ नका, कारण ओला घाम आधी कडेखाली शिरतो. तो पॅचमधल्या हृदयाची वीज टिपणाऱ्या दोन इलेक्ट्रोडच्या मधे पोचला की खारं पाणी दोघांना जोडतं आणि ईसीजीची रेघ बुटकी होते.

कातडी स्पिरिटने पुसावी का, यावरून पॅच लावणाऱ्यांत जुना वाद आहे. त्याने तेल निघतं, मान्य. पण कातडी कोरडी पडून विजेला रोध वाढतो, आणि नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) इलेक्ट्रोडखालचं जेल तसंही लवकर वाळतं. ‘स्पिरिट मारलं की झालं’ म्हणणाऱ्यांनी नंतरची रेघ बघावी: पॅच घट्ट, आणि रेघेवर घरातल्या विजेची, 50 हर्ट्झची दाट झालर. कंपनीनेच पुडीत स्पिरिटचा बोळा दिला असेल तर वापरा, पण पूर्ण वाळू द्या.

मोबाइलवरच्या सिग्नलची भानगड वेगळी. ब्लूटूथची 2.4 गिगाहर्ट्झची लहर शरीरातलं पाणी शोषून घेतं. पॅच छातीवर, फोन मागच्या खिशात, म्हणजे मधे अख्खे बाबा! फोन शर्टाच्या खिशात ठेवा.

जादा पॅच उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. फोड आले तर पॅच काढून डॉक्टरांना कळवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मोबाइलवरची रेघ बघत बसू नका, 108 लावा. पॅच नोंद ठेवतो, अ‍ॅम्बुलन्स बोलावत नाही.

कंपनीचं म्हणाल तर ज्या पॅचचा रिपोर्ट तुमचे डॉक्टर वाचतात, तोच घ्या.