सोलापूर सोडून समुद्रकिनारी कमी खर्चात राहायचं आणि सर्फिंगही करायचंय, कोणतं गाव बघू?
मुल्की बघा. मंगळूर आणि उडुपीच्या मधलं हे गाव, गोव्यासारखी गर्दी नाही. जवळच ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी नद्या समुद्राला मिळतात. तिथे साचलेल्या वाळूवर लाट छान फुटते. शिकताना 8-9 फुटी फोमचा बोर्डच घ्या, आणि ओहोटीला नदीच्या मुखापासून लांब राहा, कारण पाणी सरळ आत खेचतं. घर किनाऱ्यावर नको, बाजार-स्टेशनच्या बाजूला शोधा: भाडं कमी पडतं, खाऱ्या हवेनं गाडीही लवकर गंजत नाही. सोलापुरात कानावर पडलेली कन्नड इथे फार उपयोगी पडते, घरोघरी तुळू बोलत असले तरी. फक्त जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, नवशिक्यानं उतरूच नये. म्हणून ऑक्टोबरात महिनाभर राहून बघा, मगच डिपॉझिट भरा.