अमेरिकेत एकटी आई, नोकरी चालू, एलपीएन शिकायचंय – फीचे पैसे कसे उभे करायचे?

ताई, तुम्ही लिहिलंय की घटस्फोट झालाय, ग्रीन कार्ड आहे, न्यू जर्सीत राहता, मुलगा सात वर्षांचा, ग्रोसरी स्टोअरमध्ये कॅशवर बसता, पुण्याचं बी.कॉम. आहे आणि एका खासगी नर्सिंग शाळेत चौकशीला गेलात तर त्यांनी फी सांगून लगेच कर्जाचा फॉर्मच पुढ्यात ठेवला. तर सगळ्यात आधी हे, त्या फॉर्मवर सही करू नका. निदान अजून तरी नको. मी पण इथेच न्यू जर्सीत एकटीने मुलगी सांभाळत एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) केलं, आता नर्सिंग होममध्ये आहे, त्यामुळे ऐकीव नाही सांगत.

या सगळ्यात कुठली गोष्ट आधी करायची यालाच जास्त महत्त्व आहे. आपली माणसं आधी अॅडमिशन घेतात, क्रेडिट कार्डवर डिपॉझिट भरतात आणि मग मदत शोधायला निघतात. इथे ते उलटं पडतं. तुमच्या कौंटीचं वन-स्टॉप करिअर सेंटर (नोकरी आणि ट्रेनिंगला मदत करणारं सरकारी केंद्र) शोधा, बाकीच्या राज्यांत त्याला अमेरिकन जॉब सेंटर म्हणतात. २०१४ च्या वायोआ नावाच्या फेडरल कायद्याखाली तिथून ट्रेनिंगचे पैसे मिळतात, ते तुमच्या हातात नाही देत, थेट शाळेला जातात, आणि कर्ज नसतं, फेडायचे नसतात. पण शाळा त्यांच्या मंजूर यादीत असावी लागते आणि मंजुरी क्लास सुरू व्हायच्या आधी लागते. क्लास सुरू करून मागून गेलात तर बहुतेक ठिकाणी हात वर करतात. रक्कम कौंटीप्रमाणे बदलते, पूर्ण फी निघेलच असं नाही, पण जेवढी निघेल तेवढी सुटली.

तिथे गेल्यावर एक शब्द आठवणीने वापरा, 'डिस्प्लेस्ड होममेकर'. म्हणजे इतकी वर्षं घर सांभाळलं, नवऱ्याच्या पगारावर घर चालायचं, आता तो आधार गेला आणि धड नोकरी मिळत नाहीये किंवा मिळाली ती तुटपुंजी. आपल्याकडच्या एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसाच्या जोरावर मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या कितीतरी बायका यात बसतात आणि कुणाला पत्ताच नसतो. तुम्ही बसता का ते काउन्सेलर ठरवेल, पण विचारायचं आपणच, तो आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका. माझ्यावेळी ओरिएंटेशनला खोलीभर लोक होते, बाईंनी भराभर स्लाइड दाखवल्या, संपल्यावर अर्धे लोक उठून गेले, जे थांबून प्रश्न विचारत बसले त्यांच्याच फाइली पुढे सरकल्या. चिकाटी लागते, दर आठवड्याला फोन करायला लाजू नका.

आता फॅफ्सा, म्हणजे शिक्षणासाठी फेडरल मदत मागायचा अर्ज. हा फॉर्म फुकट असतो, सरकारी साइटवर भरायचा, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर सरळ उठून यायचं. वन-स्टॉपवालेही विचारतातच फॅफ्सा भरला का म्हणून, त्यामुळे दोन्ही बरोबरच चालू करा. यातून पेल ग्रँट मिळते, २०२५-२६ ला वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, हीपण परत करायची नसते. आणि सिंगल पेरेंटला यात खास सवलत आहे, गरिबी रेषेच्या सव्वादोन पटीपर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण पेल बसते, तुमच्यासारख्या दोघांच्या घराला २०२५-२६ च्या फॉर्मसाठी ती मर्यादा चव्वेचाळीस हजार डॉलरच्या थोडी वर पडते. फॉर्ममध्ये दोन वर्षांपूर्वीचा टॅक्स बघतात, म्हणजे लग्न टिकून असतानाचा नवऱ्याचा आयटीतला पगार त्यात दिसत असेल तर घाबरू नका, कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला घटस्फोटाचे कागद दाखवून आताच्या परिस्थितीवर हिशोब करा असं सांगता येतं, त्यांना तो अधिकार असतो.

पण, आणि हा पण तुमच्यासाठी मोठा आहे, पेल फक्त बॅचलर डिग्री नसलेल्यांना मिळते. परदेशातली डिग्रीसुद्धा धरतात. तुमचं बी.कॉम. इथे आडवं येऊ शकतं. 'येऊ शकतं' म्हणतेय कारण आपली तीन वर्षांची डिग्री अमेरिकेतल्या चार वर्षांच्या बॅचलरच्या बरोबरीची आहे का यावर मूल्यांकन करणाऱ्या संस्थांचं एकमत नाही, काही जणी पूर्ण बॅचलर धरतात, काही फक्त तीन वर्षांचं कॉलेज लिहितात, आणि शेवटचा निर्णय कॉलेजचा असतो. म्हणून डिग्री लपवायची नाही (ते खोटं ठरलं तर पैसे परत द्यावे लागतात, वर भानगड वेगळी), मूल्यांकनाचा रिपोर्ट घ्यायचा आणि एड ऑफिसला सरळ विचारायचं की हे तुम्ही बॅचलर धरता का. बारावीचं मार्कशीट पण काढून ठेवा, ते बऱ्याच शाळांना लागतं आणि पुण्याहून मागवायला वेळ जातो, भावाला बोर्डाच्या ऑफिसात हेलपाटे घालावे लागतील ते वेगळंच.

पेल नाही मिळाली तरी फेडरल कर्ज मिळतं, पहिल्या वर्षाला ९,५०० डॉलरपर्यंत, त्यातलं ३,५०० पर्यंतचं असं की शिकत असेपर्यंत व्याज सरकार भरतं. २०२५-२६ चा दर ६.३९ टक्के, फिक्स. शाळेच्या टेबलावर जे प्रायव्हेट लोन पुढे करतात त्याच्याशी हा दर शेजारी ठेवून बघा म्हणजे कळेल सही का नको म्हणतेय ते. शाळेला पहिला प्रश्न हाच विचारा, तुम्ही फेडरल एड घेता का? नाही म्हणाले तर मी तरी तिथे जाणार नाही. न्यू जर्सीत कौंटीच्या व्होकेशनल-टेक्निकल शाळांमध्ये एलपीएन चालतं, फी खासगीपेक्षा बरीच कमी असते, बिल्डिंग चकाचक नसते, रिसेप्शनवर कॉफी मिळत नाही, पण शेवटी लायसन्सची परीक्षा तीच एनसीएलईएक्स-पीएन आणि लायसन्स तेच. कमी फीच्या जागा लवकर भरतात म्हणून वेटिंग लिस्टला नाव आत्ताच टाका.

आता नोकरीचं. ग्रोसरीतून निघून नर्सिंग होममध्ये सीएनए (नर्सच्या हाताखालची प्रशिक्षित मदतनीस) म्हणून शिरता येतं का बघा. मेडिकेअर-मेडिकेड हे सरकारी आरोग्य विमे घेणाऱ्या नर्सिंग होमने तुम्हाला आधी कामावर घेतलं किंवा घेण्याची ऑफर दिली तर सीएनएच्या ट्रेनिंगचे पैसे ते तुमच्याकडून घेऊ शकत नाहीत, आणि स्वतः पैसे भरून कोर्स केलात व वर्षाच्या आत अशा ठिकाणी लागलात तर ते परत मिळायची सोय आहे, फेडरल नियमच आहे तसा. शिवाय बरीच नर्सिंग होम पुढे एलपीएनच्या फीला हातभार लावतात, कंपनीकडून वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर टॅक्स लागत नाही. बदल्यात कागदावर लिहून घेतात की पास झाल्यावर इतकी वर्षं इथेच काम करायचं. तो कागद घरी आणून वाचा. नोकरी मध्ये सोडली तर सगळी रक्कम एकदम द्यायची की राहिलेल्या महिन्यांच्या हिशोबाने, एवढी एक ओळ शोधा. माझ्या एका मैत्रिणीच्या कागदात 'एकदम' होतं आणि तिला मुलाच्या आजारपणात नोकरी सोडावी लागली, पुढे काय झालं ते लिहीत नाही.

खरं सांगू का, फीपेक्षा वेळ महाग पडतो. फुल टाइम एलपीएन साधारण वर्षभराचं, सोमवार ते शुक्रवार, सकाळी क्लिनिकलला (पेशंटजवळच्या प्रॅक्टिकलला) सात वाजता हजर, आणि हजेरी इतकी कडक की थोडे तास बुडाले की नाव कापतात. म्हणजे आठवड्यात नोकरी जवळपास बंद. मी शनिवार-रविवार डबल शिफ्ट करायचे आणि मुलगी आमच्याच बिल्डिंगमधल्या गुजराती मासींकडे राहायची, त्या पैसे घ्यायच्या नाहीत म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे नेणं, त्यांची पत्रं वाचून देणं असलं करायचे. तुम्हाला अशी मासी असेल तर उत्तम, नसेल तर कौंटीच्या चाइल्ड केअर रिसोर्स अँड रेफरल एजन्सीकडे अर्ज करा, तेरा वर्षांच्या आतल्या मुलाला सबसिडी मिळू शकते, शाळा सुटल्यानंतरच्या तासांनाही, आणि तुमचं ट्रेनिंगसुद्धा कामासारखं धरतात. इथेही वेटिंग असतं. संध्याकाळची बॅच घेतली तर नोकरी टिकते पण कोर्स लांबतो, आणि सात वर्षांच्या मुलाला संध्याकाळीच आई लागते, हे तुमचं तुम्ही ठरवा.

फूड स्टॅम्पबद्दल (खाण्यापिण्याच्या खर्चाला मिळणारी सरकारी मदत) लोक सांगतील विद्यार्थ्यांना मिळत नाहीत. बारा वर्षांच्या आतलं मूल असलेल्या, फुल टाइम शिकणाऱ्या सिंगल पेरेंटला ती अट लागू नाही. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली नसतील तर तुमचं अडेल, मुलाचं त्यामुळे अडत नाही. आणि "सरकारी मदत घेतली की सिटिझनशिप अडकते" हे मंडळाच्या गणपतीत प्रत्येक काकू सांगतात, नागरिकत्वाच्या अर्जाला पब्लिक चार्जची, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून नसण्याची, अटच नाहीये. तुमची काही केस चालू असेल तर मात्र वकिलाला विचारा, काकूंना नको.

फीच्या कागदावर न दिसणारे खर्च वेगळे असतात, प्रवेश परीक्षा, स्क्रब्स, फिंगरप्रिंट, सीपीआरचं कार्ड, शेवटी एनसीएलईएक्सचे २०० डॉलर आणि राज्याची लायसन्स फी. आपल्या लोकांचं हमखास अडतं ते लसींवर. लहानपणीच्या लसींचं कार्ड कुणाकडे असतं? मग गोवर, कांजण्या, हिपॅटायटिस बी सगळ्याच्या टायटर टेस्ट (अंगात प्रतिकारशक्ती आहे का ते बघणारी रक्ताची टेस्ट) करून घ्यायच्या. आणि टीबीची ती हातावर सुई टोचतात ती स्किन टेस्ट, आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो त्यामुळे ती पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे काढा, मग शाळेची नर्स संशयाने बघणार. सुरुवातीलाच सांगा की बीसीजी झालंय, रक्ताची टेस्ट करा, त्यात बीसीजीमुळे गोंधळ होत नाही. इन्शुरन्स असेल तर या टेस्ट शाळेने ठरवलेल्या क्लिनिकऐवजी आपल्या डॉक्टरकडे करा, खूप स्वस्त पडतं.

टॅक्स भरताना 'हेड ऑफ हाउसहोल्ड' म्हणून भरा, 'सिंगल' म्हणून नाही, आणि स्वतः किंवा कर्जातून भरलेल्या फीवर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट बघा, फीच्या २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, याला बी.कॉम. आडवं येत नाही. पण ते फक्त लागणाऱ्या टॅक्समधून वजा होतं, हातात रोख मिळत नाही.

हे सगळं करून पास झालात की एलपीएनचा पगार देशभरात वर्षाला ६० हजार डॉलरच्या आसपास आहे, सीएनएपेक्षा बराच वर, कॅश काउंटरशी तर तुलनाच नको.

वन-स्टॉपला जाताना ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी कार्ड, गेल्या दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, ताजे पे स्टब, घराचं लीज, मुलाचा जन्मदाखला आणि कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम न्या. घटस्फोट पुण्याच्या फॅमिली कोर्टातला असेल आणि हुकूम मराठीत असेल तर त्याचं सर्टिफाइड भाषांतर आधीच करून ठेवा, मुलाचा ताबा तुमच्याकडे आहे ते वाक्य त्यात स्पष्ट हवं, कारण फॅफ्सा, सबसिडी, टॅक्स तिन्ही ठिकाणी तेच पान मागू शकतात.