सहा दिवसांत नामदफा सहकुटुंब होईल का?

होईल, पण तुम्ही आखलाय तसा नाही.

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत घरून निघून घरी परत येईपर्यंत अरुणाचल प्रदेशातल्या नामदफा राष्ट्रीय उद्यानासाठी सहा दिवस हाताशी आहेत, सोबत पत्नी आणि १२ वर्षांची मुलगी आहे, आणि देबानहून नदीपलीकडे हल्दीबारी, हॉर्नबिल आणि बुलबुलिया असे तीन मुक्काम करायचे आहेत. ताडोबा दोनदा झालंय, तर इथली जीप सफारी कुठे बुक करायची आणि वाघ दिसण्याची शक्यता किती, असंही विचारलंय.

मी नामदफाला तीन वेळा गेलोय. पहिल्या वेळी माझा बेत तुमच्यासारखाच होता आणि तो नदीने मोडला, म्हणून आधी नदीबद्दल सांगतो.

देबानला वन विभागाचं विश्रामगृह आहे, अगदी नोआ-दिहिंग नदीच्या काठावर. मियाओ गावाहून येणारा रस्ता याच काठाने पुढे जातो. हल्दीबारीपासूनचे सगळे तळ मात्र पैलतीरावर. हिवाळ्यात पाणी उतरतं तेव्हा होडीने पार करतात, कधी बांबूचे तात्पुरते साकव घालतात. फेब्रुवारीत नदी इतकी निळी आणि शांत दिसते की ही काही त्रास देईल असं वाटतच नाही. पण या खोऱ्याच्या दक्षिणेला पाटकाईची डोंगररांग आहे, उत्तरेला दाफा बूमची ४,५७१ मीटरपर्यंत चढत गेलेली धार, आणि तिथे वर पडलेला सगळा पाऊस खाली याच पात्रात येतो. तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असतं आणि पाणी चढायला लागतं.

माझ्या पहिल्या खेपेला हॉर्नबिलच्या तळावर रात्रभर पाऊस झाला. सकाळी आम्ही सामान बांधून काठावर आलो तर पाणी गढूळ, मातकट झालेलं, आणि त्यातून ओंडके वाहत चाललेले. बरोबरच्या लिसू जमातीच्या वाटाड्याने एकदाच नदीकडे पाहिलं आणि काही न बोलता पाठीवरचं ओझं खाली ठेवलं. दोन दिवस आम्ही पलीकडेच होतो. तांदूळ पुरला, डाळ संपली, दिब्रुगढहून परतीचं विमान गेलं. मी एकटा होतो, म्हणून निभावलं. सोबत लहान मूल असताना तसे दोन दिवस काढावेत असं मी कुणालाही सांगणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: सहाच दिवस असतील तर प्रत्येक रात्र नदीच्या अलीकडे काढा. पलीकडचे मुक्काम करायचेच असतील तर सुट्टी नऊ-दहा दिवसांची करा आणि त्यातले दोन दिवस पूर्ण रिकामे ठेवा. परतीचं तिकीट त्या रिकाम्या दिवसांनंतरचं काढा.

सहा दिवसांत मी असं करेन. पहिल्या दिवशी सकाळच्या विमानाने दिब्रुगढच्या मोहनबारी विमानतळावर उतरायचं आणि गाडीने तिनसुकिया, दिग्बोई, मार्घेरिटा, लेडो, जागून, खरसांग करत मियाओ गाठायचं. विमान दुपारचं असेल तर हट्टाने पुढे जाऊ नका, तिनसुकियाला थांबा. इथलं घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य खूप आधी मावळतो. डिसेंबरात सव्वाचारलाच मावळतो, फेब्रुवारीत पाचच्या सुमाराला. पाच म्हणजे अजून दुपारच आहे या सवयीने घरून आखलेला प्रवास इथे निम्मा अंधारात होतो. हेच सकाळच्या बाजूने तुमच्या फायद्याचं आहे. साडेपाचला उजाडायला लागतं, तेव्हा साडेचार-पाचला उठायची तयारी ठेवा.

दुसऱ्या दिवशी मियाओतली कामं उरकून देबान. अंतर पंचवीसेक किलोमीटरच आहे, पण रस्ता खराब आहे आणि थांबत थांबत जाण्यासारखा आहे, त्यामुळे अर्धा दिवस धरा. तिसरा आणि चौथा दिवस देबानला. त्यातल्या एका दिवशी, आदल्या रात्री पाऊस झाला नसेल तरच, पहाटे नदी ओलांडून हल्दीबारीपर्यंत चालत जायचं आणि दुपारीच परत यायचं. एका बाजूला पाचेक किलोमीटर, चढ-उतार आणि निसरडं. चालायची सवय असलेल्या १२ वर्षांच्या मुलीला जमतं. वाटाडा ‘परत फिरू’ म्हणाला की त्या क्षणी परत फिरा, कारण विचारत थांबू नका. पाचव्या दिवशी दिब्रुगढ, सहाव्या दिवशी विमान.

आता सफारी. ताडोबात असते तशी जिप्सी, गेट, सकाळ-दुपारच्या फेऱ्या, ऑनलाइन बुकिंग यातलं इथे काही नाही. मियाओहून विजयनगरला जाणारा १५७ किलोमीटरचा रस्ता आहे, त्याचा बराचसा भाग उद्यानातून जातो. पक्षी बघणारे लोक याच रस्त्याने पायी हिंडतात. या रस्त्यावरच्या जागा अजून मैलांनी ओळखल्या जातात, ‘४० माईल’ अशा. बाकी सगळं जंगल पायी.

आणि वाघ नाही दिसणार. वाघ आहे, नामदफा १९८३ पासून राष्ट्रीय उद्यानही आहे आणि व्याघ्र प्रकल्पही. पण ताडोबाचं जंगल पानगळीचं आहे. उन्हाळ्यात ते उघडं पडतं, पाणवठे मोजके राहतात आणि जनावर तिथे यावंच लागतं. नामदफात पाणी सगळीकडे आहे आणि पानं कधीच झडून मोकळी होत नाहीत. होलाँग आणि मेकाईची झाडं चाळीस मीटरच्या वर जातात, त्यांच्याखाली दुसरा थर, त्याखाली वेत, केळी आणि बांबू. दहा पावलांवर उभा असलेला प्राणी दिसत नाही. मुलीला हे निघायच्या आधीच सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती हिरमुसेल आणि तिचा काहीच दोष नसेल.

त्याऐवजी तिला हे सांगा. उष्ण कटिबंध साडेतेवीस अंशावर संपतो आणि हे जंगल सत्तावीस अंशाच्याही वर आहे. इतक्या उत्तरेला सखल भागातलं सदाहरित वर्षावन जगात जवळपास कुठेच उरलेलं नाही. १,९८५ चौरस किलोमीटरचं हे एकच उद्यान दोनशे मीटरपासून बर्फाच्या शिखरांपर्यंत जातं. देबानजवळ १९८१ मध्ये एक उडणारी खार मिळाली, आणि त्या एकाच नमुन्यावरून विज्ञानात नव्या प्रजातीची नोंद झाली. तुम्ही विश्रामगृहाच्या अंगणात रात्री उभे राहाल तेव्हा वर कुठेतरी ती असू शकते, हे मुलांना फार आवडतं. मलाही.

या जंगलात डोळ्यांआधी कान वापरावे लागतात. सकाळी ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं की हुलॉक ओरडायला लागतात. भारतात सापडणारा हा एकमेव कपी, शेपूट नसलेला. नर काळा, मादी भुरकट, दोघांच्याही भुवया पांढऱ्या. नर-मादी एकत्र साद घालतात, ती दरीतून चढत जाते, मग दुसरी जोडी पलीकडच्या डोंगरावरून उत्तर देते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चालता चालता थांबलो आणि ते गप्प होईपर्यंत हललो नाही. धनेश उडाले की पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो, आणि तो आला की मगच वर बघायचं. नदीकाठच्या गोट्यांवर रोज तासभर शांत बसा. पांढऱ्या पोटाचा बगळा जगात फार थोडा उरलाय आणि तो याच नदीवर येतो. मला तीन खेपांत एकदाच दिसला, तोही उडून जाताना.

परवान्यांचं थोडक्यात. अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट लागतं, मुलीचंही. ते ऑनलाइन निघतं. त्यावर चांगलांग जिल्हा आहे ना, हे तपासा. छापील प्रती तीन-चार ठेवा, कारण चौकीवर फोनमधला कागद दाखवताना बॅटरी संपलेली असू शकते. उद्यानात जायची परवानगी वेगळी, ती मियाओच्या वन कार्यालयातून मिळते. देबानचं विश्रामगृहही त्यांच्याशी आधी बोलूनच ठरवा. म्हणून मियाओतला दिवस शनिवार-रविवारचा येऊ देऊ नका. रविवारचं आणखी एक कारण आहे. वाटाडे आणि भारवाहक म्हणून येणारी बरीच लिसू मंडळी ख्रिस्ती आहेत आणि रविवार प्रार्थनेचा. त्या दिवशी त्यांना ओझं उचलायला लावू नका.

या लोकांबद्दल एवढं नक्की सांगेन. लिसूंना योबिनही म्हणतात. गांधीग्राम, विजयनगर ही त्यांची गावं पूर्वेला, आणि उद्यानाची हद्द व त्यांची शेती यांवरून जुना वाद आहे. तुम्ही चार दिवसांचे पाहुणे, तेव्हा त्यावर निवाडा द्यायला जाऊ नका, ऐका. मजुरी मियाओतच स्पष्ट ठरवा. परतीच्या चालीचे दिवसही त्यात धरा. सोबतच्या माणसांचा शिधा आपणच घ्यायचा असतो, आणि तो दोन दिवस जास्तीचा घ्या. त्यांच्याकडे ताडपत्री आणि पांघरूण आहे का हे पाहणं तुमचं काम आहे, त्यांनी मागितलं नाही तरी. शिकारीचं मांस कुणी देऊ केलं तर हात जोडून नाही म्हणा. धनेशाच्या चोचीलाही तेच.

पैसे रोख न्या आणि ते तिनसुकियातच काढा. मियाओच्या पुढे फोनवर भिस्त नको. घरच्यांना ‘अमुक तारखेला नाही, तर त्यानंतर दोन दिवसांनी फोन येईल’ असं सांगून निघा, म्हणजे नदी अडली तरी तिकडे कुणी घाबरणार नाही. परदेशी प्रवाशांचं वाचून सॅटेलाइट फोन किंवा तसा संदेश पाठवणारं यंत्र घेऊन येऊ नका. आपल्याकडे ते विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, आणि हा तर म्यानमारच्या सीमेवरचा जिल्हा. ड्रोनही घरीच.

कपड्यांत महत्त्वाचं एकच: कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून फक्त झोपण्यासाठी ठेवा. तो दिवसा काढायचाच नाही, कितीही भिजलात तरी. या हवेत ओलं वाळत नाही आणि रात्री चांगली थंडी असते. महागडे ट्रेकिंगचे बूट इथे पहिल्या ओढ्यात भरतात. इथली माणसं गमबूट घालतात आणि त्यांचं बरोबर आहे. मुलीच्या मापाचे मात्र घरूनच आणा, आणि आठवडाभर घालून चालायला लावा.

जळवा फेब्रुवारीत कमी असतात, पण एक पाऊस पडला की येतात. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घ्या. चावली तर ओढू नका, चटका देऊ नका. तोंडाच्या बाजूला कातडीला नख लावून सरकवा, सुटते. रक्त नंतरही बराच वेळ वाहतं, कारण जळू रक्त न गोठू देणारं द्रव्य सोडते. मुलीला आधी सांगितलंत तर ती घाबरणार नाही. मला जळवांपेक्षा डिमडाम माश्या जास्त त्रासदायक वाटतात. चिलटाएवढ्या असतात, वाहत्या पाण्याजवळ चावतात, चावल्याजागी रक्ताचा बारीक ठिपका उठतो आणि आठवडाभर खाज. नदीवर बसताना बाह्या खाली घ्या.

आजाराच्या बाबतीत मी कडक आहे. चांगलांग मलेरियाचा जिल्हा आहे, निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून तिघांची औषधं ठरवा. परतल्यावर महिना-दोन महिन्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की आम्ही अरुणाचलच्या जंगलात होतो. मलेरिया असो वा स्क्रब टायफस, त्या एका वाक्याने तपासणी बदलते. सापांचं असं, की आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बनते. इथले हिरवे चापडे त्यात येत नाहीत. म्हणून अंधारात विजेरीशिवाय एक पाऊलही नको, आणि वेताला किंवा फांदीला आधारासाठी हात घालण्याआधी नीट बघा. मोठं रुग्णालय म्हणजे दिब्रुगढचं आसाम मेडिकल कॉलेज, आणि देबानहून तिथे पोहोचायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. प्रत्येक निर्णय घेताना हे अंतर मनात असू द्या.

सुट्टी वाढवता आली तर सांगा, मग नदीपलीकडच्या मुक्कामांचा शिधा आणि माणसं कशी मोजायची ते सविस्तर लिहीन. नाही वाढली तरी देबान पुरेसं आहे. विश्रामगृहाच्या पायऱ्यांवरून समोरचं सगळं जंगल दिसतं, आणि माझ्या तिन्ही खेपांत हुलॉकांची पहिली साद मला तिथे बसूनच ऐकू आलीय.