शोषणशिखर की शोषखड्डा?

प्रश्न असा आहे: साकोलीकडच्या अभ्रकी शिस्टचा (पापुद्र्यांच्या खडकाचा) इन्फ्रारेड आलेख काढला. पुस्तकात लिहिलंय, ‘३६२० ला शोषणशिखर पाहा’ (हा आकडा तरंगसंख्येचा, प्रति सेंटिमीटर). आलेखात तर तिथे रेघ खाली बुडालेली. मग शिखर कसलं?

‘शिखर’ हे ‘पीक’चं सरळ भाषांतर. उभ्या अक्षावर शोषकता (किरण किती गिळले याचं माप) असेल तर ते शोभतं. तुमच्या आलेखात बहुधा पारगमनाचे, म्हणजे आरपार गेलेल्या किरणांचे टक्के आहेत. खनिजाने जिथे किरण गिळले तिथे रेघ खालीच जाणार. आपल्या गावात सांडपाण्यासाठी खणतात तो शोषखड्डा आठवा. शब्दाचं मूळ तेच, ‘शुष्’. बोलताना खुशाल शोषखड्डा म्हणा. लिहिताना ‘शोषणपट्टा’ बरा, रेघ वर जावो की खाली, तो खोटा पडत नाही. (इकडे पट्टा म्हटलं की आधी वनहक्काचा आठवतो, त्याला इलाज नाही.)

मात्र खड्ड्याच्या खोलीवरून खनिजाचं प्रमाण काढू नका. पारगमन १० टक्के म्हणजे शोषकता १, आणि १ टक्का म्हणजे २. खड्डा ९ टक्क्यांनीच खोल झाला, शोषकता मात्र दुप्पट.

याहून मोठा घोळ ‘पाणी’ या शब्दाचा. ३६२० जवळचा अरुंद पट्टा मस्कोवाइटमधल्या (पांढऱ्या अभ्रकातल्या) हायड्रॉक्सिलचा, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा. ते पाणी नव्हे. ३४०० च्या आसपास पसरट पट्टा आणि जोडीला १६३० चा दिसला, तर ते पाण्याचे रेणू. तेही बहुतेक वेळा खडकातले नसतात, पोटॅशियम ब्रोमाइडच्या टिकलीतले असतात (आलेखासाठी खडकाची पूड या क्षारात मिसळून, दाबून टिकली करतात). ब्रोमाइडची पूड ओलावा ओढते. रोवणीच्या दिवसांत तर विचारूच नका. ती ११० अंशांवर वाळवा, २०० मिलिग्रॅममध्ये खडकाची १ मिलिग्रॅम पूड मिसळा, आणि नुसत्या ब्रोमाइडची टिकली तुलनेला ठेवा.

अभ्रकाचे पापुद्रे खलात बत्त्याखालून निसटतात. थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून घोटा, मग ते पुरतं उडू द्या. पूड २ मायक्रॉनहून भरड राहिली तर पट्टे एका बाजूला कलतात. शिवाय दाबाखाली पापुद्रे आडवे बसतात, त्यामुळे पट्ट्यांचं आपसातलं प्रमाण बदलतं. क्वार्ट्झ ओळखायला ७९८ आणि ७७९ ची जोडी पुरते.

आणि आकड्यापुढे ‘प्रति सेंटिमीटर’ लिहाच. ‘३६२० सेंटिमीटर’ ही छत्तीस मीटरची लांबी झाली. इथली तरंगलांबी जेमतेम २.७६ मायक्रॉन आहे.